जिन्याखालची जागा

९ जानेवारी

आज सामानाबरोबर मीही आलो. टेम्पोत पुढे मामा आणि ड्रायव्हर, मागे सिमेंटच्या पोत्यांवर मी. गेटपाशी उतरलो तेव्हा डोक्यापासून बुटापर्यंत राखाडी झालो होतो. घरच्या काकूंना वाटलं हमालच आहे, त्यांनी लगेच पोती कुठे रचायची ते सांगायला सुरुवात केली. मीही मुकाट्याने दोन पोती वाहून टाकली. मग मामाने ओळख करून दिली, हा माझा भाचा, रोजचं काम हाच बघणार, इंजिनियरिंग केलंय. ‘अर्धं’ हा शब्द त्याने गिळून टाकला. काकू ओशाळल्या आणि माझ्या चहात जरा जास्तच साखर पडली.

बरं वाटलं. घरी हल्ली माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. सरांसमोर ड्रॉइंगची शीट टराटरा फाडून कॉलेजमधून बाहेर पडलो तेव्हा वाटलं होतं, काहीतरी मोठं केलं. नंतर कळलं, फक्त शीट फाटली. इथे हे कुणाला माहीत नाही. इथे मी साईट बघणारा माणूस आहे, आणि गेटजवळच्या गॅरेजमध्ये मला एक खाट, एक पंखा आणि सिमेंटच्या पोत्यांची सोबत मिळाली आहे.

घर बसकं आहे, एकमजली, पण बांधलंय मन लावून. गच्चीवर प्रत्येक कॉलमच्या सळया वर सोडलेल्या आहेत आणि गंज चढू नये म्हणून त्यांच्यावर काचेच्या बाटल्या उपड्या घातल्यात. घर बांधलं तेव्हाच वरच्या मजल्याची आशा धरलेली दिसते. आता थोरल्या मुलाचं लग्न ठरलंय, म्हणून ती आशा पुरी करायची: वर दोन खोल्या, एक बाथरूम आणि वर जायला जिना.

माणसं थोडीच. काका, म्हणजे मालक, बोलतात कमी आणि वर्तमानपत्र उलगडून बसतात जास्त. काकू. थोरला, ज्याला सगळे दादा म्हणतात. मालकांची थोरली बहीण आक्का, मधल्या खोलीत असतात. त्या खोलीला खिडकी नाही, वर नुसता झरोका. आणि धाकटी मुलगी.

तिच्याबद्दल आज लिहीत नाही. केसात पेन्सिल खोचते, एवढंच.

११ जानेवारी

आज अख्ख्या घराची मापं घेतली. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. दादाला म्हटलं तर तो म्हणाला, इंजिनियरसाहेब, आमचं काम पैसे द्यायचं, टेप धरायचं नाही. माझं डोकं सणकलं होतं, पण तेवढ्यात आक्का उठल्या आणि टोक हातात घेऊन भिंतीला लावून उभ्या राहिल्या.

त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून त्यांनी स्वतःच एक खूण काढली. टोक भिंतीला टेकलं की दोनदा हलकेच ओढायचं. मग मी आकडा वाचायचा. अशी आम्ही सगळ्या खोल्यांची मापं घेतली, त्या पदर खोचून, मी गुडघ्यावर. काकू हसत म्हणाल्या, हे घर बांधलं तेव्हा सकाळ-संध्याकाळ भिंतींवर पाणी मारायला वन्संच उभ्या असायच्या, यांना तर नोकरीतून सुट्टीच मिळायची नाही. आक्कांना ते ऐकू गेलं नसावं. त्या भिंतीवरून हात फिरवत होत्या, एखाद्या म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

संध्याकाळी ती खिडकीतून म्हणाली, माझ्या खोलीचं माप चुकीचं घेतलंयस, माझी खोली याहून मोठी आहे. मी म्हणालो, टेप खोटं बोलत नाही. ती हसली. मी जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१३ जानेवारी

मामाचा विचार जिना बाहेरून घ्यायचा, घराच्या बाजूच्या बोळातून. घरातली एकही खोली मोडायची नाही. त्याने मला सांगितलं, बोळात एक खड्डा घेऊन बघ, जमीन कशी लागते. घट्ट लागली तर तिथेच पाया. आणि तो दुसऱ्या कामावर निघून गेला.

तो बोळ म्हणजे तिची खिडकी. ती दिवसभर तिथेच अभ्यासाला बसते, पाय गजांना टेकवून. मी कुदळ चालवत होतो आणि ती वाचत होती, निदान पुस्तक तरी उघडं होतं. बोलता बोलता तिने विचारलं की जिना इथे आला तर माझ्या खिडकीचं काय. मी म्हणालो, खिडकीवरूनच जाईल. तिने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, “आतून नाही का होत?”

एवढंच. जेवताना मीठ मागावं तसं. मग ती पुस्तक घेऊन आत गेली.

थोड्याच वेळाने कुदळ वाजली. लोखंडावर लोखंड आपटावं तशी. खाली मुरूम होता, पक्का, असा की तिथे जिनाच काय, टाकी उभी केली असती. मी खड्ड्यात उभा राहून त्या खिडकीकडे बघत होतो. रिकामीच होती, फक्त गजावर तिचा टॉवेल. मग मामाला फोन लावला आणि सांगितलं, भराव आहे, पाय घुसतोय, इथे जिना नको. मामाने एक शिवी घातली आणि म्हणाला, मग मधली खोली.

खड्डा बुजवला, पाणी मारलं, वरून धुमसून सारखा केला. खोटं बोललो असं वाटलंच नाही. एक खिडकी वाचवली असं वाटलं.

१६ जानेवारी

आज मामाने घरच्यांना सांगितलं. मधल्या खोलीचा स्लॅब फोडून जिना आतून वर जाईल. काकूंनी विचारलं, मग वन्सं कुठे. काकांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. दादा म्हणाला, आत्या तूर्त व्हरांड्यात, पडदा लावून. वरचं झालं की बघू. सगळ्यांनी हेच म्हटलं, वरचं झालं की बघू, आणि विषय मिटला.

आक्कांनी स्वतःच गादी गुंडाळली. त्यांची एक पत्र्याची पेटी आणि एक आरसा, दुसरं काही नाही. पेटी मीच उचलली. व्हरांड्यात ठेवताना त्यांनी माझा दंड धरला आणि विचारलं, बाळा, तू शिकलेला आहेस, बाहेरून खरंच नाही होत का रे जिना?

मी नाही म्हणून मान हलवली. ऐकू कमी येतं त्यांना, बरंच झालं. तोंडाने म्हणावं लागलं असतं तर जमलं नसतं बहुतेक.

ती मला संध्याकाळी हळूच थँक्यू म्हणाली. कशाबद्दल ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

२२ जानेवारी

मामाची एक पद्धत आहे. कागदावरचा नकाशा तो कुणाला दाखवत नाही. गच्चीवर चुन्याची फक्की मारून खऱ्या मापाच्या खोल्या आखतो आणि मग घरातल्या माणसांना त्यात उभं करतो. ज्याची खोली त्याने त्यात उभं राहायचं, हात पसरायचे, इथे पलंग, इथे कपाट असं स्वतः दाखवायचं, आणि पुरते का ते तोंडाने सांगायचं. त्याशिवाय गवंडी वीट लावत नाही. मामा म्हणतो, कागदावर सही केलेला माणूस नंतर भांडतो, उभा राहिलेला भांडत नाही. त्यात एकदा माणूस उभा राहिला की ती जागा त्याची. बदलायची तर दुसरा माणूस उभा करावा लागतो, नुसती रेघ पुसून चालत नाही.

आज सगळे शिडीने वर चढले. दादा स्वतःच्या खोलीत उभा राहिला आणि होणाऱ्या बायकोच्या वतीनेही उभा राहिला, त्यावर काकूंनी त्याला टोमणा मारला. खूप हसाहशी झाली. फक्त दादा मधेच मला म्हणाला, अर्धे इंजिनियर, रेघा तरी पूर्ण मारा. म्हणजे कुणीतरी यांना सांगितलंय. आणि ती हसली. सगळ्यांबरोबर हसली, पण हसली.

मी तसाच खाली आलो. मधल्या रिकाम्या खोलीत जिना आखायचा होता. भिंतीवर पायऱ्या, खाली जमिनीवर त्यांची जागा. आक्का दारात उभ्या होत्या. त्यांना शिडी चढवत नाही, म्हणून वर कुणी बोलावलंच नव्हतं. मागोमाग बाकीचेही उतरून आले.

आक्कांनी विचारलं, “आणि माझी कुठली?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू हे घर माझं. मला राग कुणाचा आला होता आणि काढला कुणावर. मी खाली वाकलो आणि जिन्याच्या चढाखाली, जिथे पुढे झाडू आणि बादल्या राहणार, तिथे खडूने एक चौकट मारली. बाई नीट आडवीही होऊ शकणार नाही एवढी.

“ही तुमची,” मी म्हणालो.

दादा खो खो हसला. मग मीही हसलो. काका हसले नाहीत, पण बोललेही नाहीत.

आक्कांनी चपला काढल्या, रेघेच्या बाहेर नीट जोडीने ठेवल्या, आणि चौकटीत जाऊन उभ्या राहिल्या. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. हात पसरायचे म्हणून थोडे पसरले आणि भिंत येणार होती तिथे थांबवले. बरोबर तिथेच.

“पुरे मला,” त्या म्हणाल्या.

त्यांनी गंमत म्हणून केलं की खरंच, मला कळलं नाही. जेवलो नाही आज.

४ फेब्रुवारी

जिना झाला. फळ्या काढल्या, वरचं बांधकामही डोक्याच्या वर गेलंय. गवंडी झपाट्याने हात चालवतो आणि माझी फिरकी घेतो. काल म्हणाला, साहेबांचं लक्ष ओळंब्यापेक्षा खिडकीवर जास्त. खरं आहे. ती आता रोज बोलते. परवा तिने मला तिची पेन्सिल दिली, खुणा करायला. मी ती वापरत नाही, खिशात ठेवतो.

फक्त एक गोष्ट. आक्का दुपारी व्हरांड्यात नसतात. जिन्याखाली असतात. रेघेबाहेर चपला, आत स्टूल, त्यावर आक्का. वरून धूळ गळत असते, केस पांढरेच, त्यावर आणखी पांढरं. मी हाताला धरून बाहेर आणलं की येतात. जेवायच्या सुट्टीत बघावं तर पुन्हा आत. काकू म्हणाल्या, बसू दे, वाऱ्यापेक्षा बरं.

व्हरांड्यात वारा फार आहे. माझी खाट पलीकडेच, भिंतीआड. खोकला ऐकू येतो.

मामाला सांगावं असं दोनदा मनात आलं. सांगायला काय लागतं, तिथे मुरूम आहे, मी खोटं बोललो. पण मग स्लॅब फोडलाय, जिना ओतलाय, आणि तिला कळेल की मी कसा आहे.

१९ फेब्रुवारी

आक्कांना दवाखान्यात नेलं. छातीत धूळ बसलीय, त्यात थंडी. गाडीत बसवताना त्यांची नजर माझ्यावर होती. रागाने नाही. टेप धरल्यावर मी आकडा वाचेपर्यंत बघायच्या, तशी.

उद्या मामाला सांगतो. नक्की.

२१ फेब्रुवारी

सांगितलं नाही. आक्का गेल्या, काल सकाळी.

घरात फारसं कुणी रडलं नाही. काका व्हरांड्यात आक्कांच्या रिकाम्या गादीवर बसून होते. काकू म्हणाल्या, वय झालंच होतं. दादा म्हणाला, लग्नाच्या तारखेच्या आधी झालं ते एका अर्थी, आणि पुढचं बोलला नाही. ती खिडकीत होती. खिडकी बंद होती.

काम काही दिवस थांबवलंय.

६ मार्च

काम पुन्हा सुरू. आज जिन्याखालची जमीन पुसायला घेतली, कारण ती चौकट अजून तशीच दिसत होती. ओल्या फडक्याने पुसली. गेली. चहा पिऊन आलो तर होती. पुन्हा पुसली, बादलीभर पाणी ओतून खराट्याने घासली. जमीन वाळली तशी रेघ उमटली, आधी एक बाजू, मग दुसरी.

गवंड्याला म्हटलं, खडू जमिनीत मुरलाय. तो म्हणाला, मुरू दे, फरशी येतेय वरून.

११ मार्च

फरशी बसली. राखी रंगाची, गुळगुळीत.

चौकट फरशीवर आहे.

१७ मार्च

वरच्या खोल्या पूर्ण झाल्या. दादाचा पलंग सुताराने मापाने केलेला. परवा आत गेला, बसला, सगळ्यांनी वाहवा केली. आज दार पलंगाला अडतं. दादाने मला सगळ्यांसमोर झापलं. मी टेप काढला आणि दाखवलं, खोली नकाशात आहे तेवढीच आहे, सूतभरही कमी नाही. दादाला दिसलं, तरी दार अडतंच. त्याने पलंग ढकलून पाहिला, शिव्या घातल्या, आणि मग त्याचा आवाज खाली आला. म्हणाला, उभं राहिलो होतो तेव्हा हात पसरले होते मी. आता पसरत नाहीत.

खरंच पसरत नाहीत. मीही बघितलं. हात भिंतीला लागतात, आणि टेप म्हणतो, लागणार नाहीत.

काकू म्हणतात, सामान आलं की खोली लहान दिसतेच.

१९ मार्च

उरलेल्या फरशीच्या पेट्या, लाकडाचे तुकडे, रंगाचे डबे, सगळं जिन्याखाली टाकायला सांगितलं. तिथे बादली-झाडूपुरती जागा. मजूर टाकत गेले. सगळं मावलं. बाहेरून बघितलं तर पुढे अजून जागाच.

मजूर खूश. मी आत वाकून बघितलं. डबे मागे, खूप मागे दिसत होते.

२० मार्च

सुतार जिन्याखालच्या दाराचं माप घ्यायला येणार, म्हणून म्हटलं आधी आपणच आत किती खोल आहे ते बघू. दुपारची वेळ, झरोक्यातून ऊन सरळ आत येत होतं, शेजारी काकू निवडत बसल्या होत्या. टेपचं टोक आत सरकवलं. सरकत गेलं. भिंत लागायला हवी होती तिथे लागली नाही. आणखी सरकवलं. टेप संपत आला.

मग पलीकडे टोक कशाला तरी टेकलं आणि पट्टी ताठ झाली.

दोनदा हलकेच ओढलं गेलं.

मी टेप तिथेच टाकला.

काकूंनी वर न बघता विचारलं, किती भरलं?

२१ मार्च

मामाला आज सगळं सांगितलं. खड्डा, मुरूम, फोन. त्याने एक थोबाडीत मारली. पुरेशी नव्हती. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, बोललास ते बोललास, आता कुणाजवळ बोलू नकोस. घर उभं आहे ना. पुढच्या आठवड्यात काम देऊन टाकायचं आणि निघायचं.

टेपचं सांगितलं तर म्हणाला, झोप काढ जरा.

२४ मार्च

ती खिडकीत बसत नाही हल्ली. खिडकी लावूनच असते. मी विचार करत होतो, परीक्षा, पाहुणे, लग्नाची गडबड.

आज जिन्याखाली तिच्या चपला दिसल्या. रेघेबाहेर, जोडीने.

ती आत होती. आक्कांच्या स्टुलावर, पुस्तक मांडीवर, केसात पेन्सिल नाही. मी म्हणालो, इथे काय करतेस, उजेड नाही, धूळ आहे. ती म्हणाली, इथे शांत वाटतं. मी म्हणालो, तुझी खिडकी. मी त्या खिडकीसाठी... आणि मग सगळं सांगून टाकलं, एका दमात, वाकून, त्या दाराच्या भोकात तोंड घालून.

तिने ऐकून घेतलं. पान उलटलं.

“कुदळ वाजलेली मी ऐकली होती,” ती म्हणाली.

मी तिथेच खाली बसलो.

ती म्हणाली, आत गेले होते, पण पलीकडच्या भिंतीशीच उभी होते. मुरमावर कुदळ वाजते तेव्हा कसा आवाज येतो ते या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, तू का नाही बोललास. खिडकीत बसलं की तोच आवाज येतो. इथे येत नाही.

मी हात पुढे केला. तिने धरला नाही.

“पुरे मला,” ती म्हणाली.

२६ मार्च

सुताराने दार बसवलं. ती आत असतानाच बसवलं, तो म्हणाला, ताई अभ्यास करताहेत, त्यांना म्हटलं उठू नका. काकू कौतुकाने सांगतात, पोरगी मन लावून वाचतेय.

जेवायला येते. पण तिचं ताट जवळपास तसंच जातं. केसांवर काहीतरी पांढरं. वरून आता काहीही गळत नाही, जिना कधीचा वाळला.

माझं प्रेम आहे तिच्यावर. हे मी कुठे लिहिलं नव्हतं. आता लिहून काय.

२८ मार्च

काकांकडे गेलो. म्हटलं, जिना तोडतो. माझ्या खर्चाने, जन्मभर फेडीन. बाहेर बांधतो, बोळात, तिथे मुरूम आहे, मी खोटं बोललो. मधली खोली पुन्हा करतो. पाया पडलो.

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. पहिल्यांदाच. म्हणाले, “तू खरं बोलला असतास तरी तीच खोली गेली असती. मला कारण हवं होतं. तू दिलंस.”

मी काही म्हणेपर्यंत त्यांनी पुन्हा पान उघडलं. त्यांची खोली तर खाली आहे, वर नाही. तरी त्यांची खुर्ची आता भिंतीला टेकलीय. आधी मागून चालत जाता यायचं.

२९ मार्च

रेघ वाढतेय. चौकट आता दाराच्या बाहेर आलीय, एक वीत.

वर दादा तिरका झोपतो. कुणी काही बोलत नाही. वरचं झालं की बघू म्हणाले होते. वरचं झालं.

३० मार्च, सकाळ

ती जेवायला आली नाही. दार लोटलं तर तिचा आवाज आतून आला, खूप आतून, येते म्हणाली. आली नाही.

चपला तशाच. त्यांच्याशेजारी आणखी एक जोड. जुनी. टाचा झिजलेली.

दुपार

मामाचं आठवलं. बदलायची तर दुसरा माणूस उभा करावा लागतो. नुसती रेघ पुसून चालत नाही.

चौकट मारली मी. खोटं बोललो मी. हसलो मी.

तिथे तिने का बसावं—

आत्ताच

बूट काढले. रेघेबाहेर ठेवले, जोडीने. आत आलोय. खडू आहे, तिची पेन्सिल आहे, हिनेच लिहितोय. दार किलकिलं, तेवढा उजेड.

वाकावं लागेल वाटलं होतं. नाही लागत.

हाका मारत पुढे गेलो. डबे. फरशीच्या पेट्या. मग ती. स्टुलावर. उठ म्हटलं. ही माझी आहे, मी उभा आहे, तू जा. दंडाला धरून उठवलं. आली. हलकी होती, फार हलकी—

गेली. दाराकडे गेली. वळून बघितलं नाही. बरंच झालं.

चपलांचा आवाज आला. एकच जोड.

दार लागलं. फटीतून थोडं दिसतंय अजून. बाहेर काकू कुणाला तरी विचारताहेत, तो मुलगा कुठे गेला, चहा घेतला नाही. ती काहीतरी म्हणाली. खिडकी उघडल्याचा आवाज.

बरं झालं. खरंच, बरं—

मागे कुणीतरी आहे. पदर खोचल्याचा आवाज. खोकला नाही आता. नुसतं उभं.

मी माफी मागितली. ऐकू कमी येतं त्यांना. मोठ्याने मागितली. पुन्हा—

माझ्या हातात टेपचं टोक दिलंय. थंड आहे. पट्टी ताठ झाली, दुसरं टोक खूप लांब. भिंतीला लावायचं असतं. भिंत शोधतोय, हाताला लागत—

लागली. जवळच आहे. आधी नव्हती.

दुसऱ्या हाताला पण.

दोनदा ओढायचं असतं. ओढलं.

त्या विचारताहेत. तोंडाने सांगायचं असतं, त्याशिवाय गवंडी वीट—

पुरे म